घरी बांधलेलं ग्लायडर परदेशी न्यावं, तिथलं भाड्याने घ्यावं, की पॅराग्लायडर पाठीवर टाकून निघावं?

वर्धा, यवतमाळ, वाशीमकडे कुणी जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये चार-पाच वर्षं खपून ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) बांधलं, तर ते घेऊन एकदा ऑस्ट्रेलिया किंवा नामिबियात उडावं असं वाटणारच. तिथे उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येतो. नामिबियातल्या बिटरवासर या ग्लायडरच्या तळाचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारीचा असतो. म्हणजे कापूस वेचणीच्या ऐन घाईत निघावं लागतं. शेती असेल तर हा हिशेब आधी घरात बसून करा.

वाटा तीन आहेत. आपलं ग्लायडर कंटेनरमधून पाठवणं, तिथल्या क्लबचं ग्लायडर तासावर घेणं, किंवा ग्लायडर शेडमध्येच ठेवून पॅराग्लायडर घेऊन जाणं. आमचं मत असं: सुट्टी सहा आठवड्यांपेक्षा कमी असेल तर आपलं ग्लायडर नेऊ नये. अख्खा हंगाम काढायचा असेल आणि कंटेनर वाटून घ्यायला दुसरं ग्लायडर मिळत असेल, तरच पहिल्या वाटेचा विचार करावा. लोक आधी जहाजाचं भाडं विचारतात, पण घोडं अडतं ते कागदावर, उन्हात आणि ट्रेलरपाशी.

कागद

१९४४ च्या शिकागो कराराप्रमाणे एका देशाचं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र दुसरा देश मानतो, पण ते ठरलेल्या किमान मानकांवर दिलेलं असेल तरच. घरी बांधलेल्या विमानाला मिळतं ते विशेष प्रमाणपत्र त्या मानकांवर दिलेलं नसतं, त्यामुळे ते मानायला दुसरा देश बांधील नाही. तिथल्या विमान प्राधिकरणाकडून तुमच्या ग्लायडरच्या नावाने वेगळी लेखी परवानगी आणावीच लागते. युरोपातल्या देशांनी १९८० मध्ये एकमेकांची घरबांधणीची विमानं मान्य करण्याची शिफारस स्वीकारली, पण ती त्यांच्या आपसातली आहे. आपल्या व्हीटी (भारतीय) नोंदणीच्या ग्लायडरला तिचा आधार नाही. आणि डीजीसीए या आपल्या विमान प्राधिकरणाकडे नोंदणीच नसलेल्या, नुसत्या वावरावर उडवलेल्या ग्लायडरसाठी ही वाट पूर्ण बंद आहे.

लायसन्सचं मात्र उलट आहे. पायलटचं लायसन्स विमानाची नोंदणी ज्या देशात, त्या देशाचं लागतं. व्हीटी ग्लायडर नेलं तर भारतीय लायसन्स चालतं. क्लबचं ग्लायडर घेतलं तर त्या देशाची मान्यता हवी, नाहीतर मागच्या सीटवर प्रशिक्षक घेऊन उडावं लागतं. क्लबच्या वाटेतली खरी अडचण एवढीच आहे, आणि तीही दोन-तीन महिने आधी ईमेल केली तर बहुतेक सुटते.

विमा तिन्ही वाटांना लागतो. युरोपात ५०० किलोच्या आतल्या विमानाला किमान साडेसात लाख एसडीआरचा (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. क्लबच्या ग्लायडरला तो क्लब काढतो, तुमच्या ग्लायडरला तुम्ही.

कंटेनरमध्ये काय मावतं

२० फुटी कंटेनर आतून ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद असतो. १२ मीटर पंखविस्ताराच्या छोट्या लाकडी ग्लायडरचा एक पंख साधारण ६ मीटर भरतो, म्हणजे बोटभर कमी पडतं. तिरका ठेवला तर पंख बसतो, कारण तिरकी लांबी ६.३५ मीटर येते, पण मग ग्लायडरचं धड ठेवायला जागा राहत नाही. १५ मीटरच्या ग्लायडरला सरळ ४० फुटीच घ्यावा लागतो. त्याची आतली लांबी १२ मीटर असते. त्यातली निम्म्याहून जास्त जागा मोकळी जाते आणि भाडं पूर्ण लागतं. म्हणूनच दोघांनी मिळून नेलं तरच हे परवडतं.

नागपूरहून न्हावा शेवा बंदर सुमारे आठशे किलोमीटर आहे. पॅकिंग त्या रस्त्याच्या धक्क्यांसाठीही करायचं असतं. पंख पुढच्या कडेवर उभा ठेवा. आधार मुख्य रिबखाली (पंखातल्या आडव्या फासळीखाली) द्या, दोन रिबच्या मध्ये कधीच नको. नमदा लावलेले किमान तीन पाळणे करा. रॅचेट पट्टा पंखावर नाही, पाळण्यावर आवळा. साधं लाकूड वापरलं तर त्यावर उष्णता प्रक्रियेचा एचटी शिक्का हवा, म्हणजे लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान ३० मिनिटं राहिलेलं असावं. प्लायवूडला शिक्का लागत नाही, म्हणून पाळणे प्लायचेच करा.

ऊन आणि ओल

बहुतेक नुकसान इथे होतं, आणि होतं ते गुपचूप. खोलीच्या तापमानाला बसवलेलं आणि नंतर न तापवलेलं इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडायला लागतं. मे महिन्यात नागपूरच्या डेपोत उन्हात उभ्या कंटेनरचं छत आतून त्याच्या वर जातं. फायबरचा पंख दोनच आधारांवर चार दिवस तसा राहिला, तर मधे किंचित झोळ येतो आणि तो परत जात नाही. ग्लायडर जोडल्यावर एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) अडकायला लागतं तेव्हा कळतं. त्यामुळे मार्च ते जून कंटेनर भरू नका.

लाकडाची गोष्ट वेगळी. एप्रिलमध्ये विदर्भात हवेत २० टक्के आर्द्रता असताना लाकडातला ओलावा ४ टक्क्यांपर्यंत उतरतो. पावसाळ्यात बंदरावर ८५ टक्के आर्द्रतेत काही आठवडे राहिलं तर तो १७ च्या आसपास चढतो. लाकूड आडव्या दिशेने फुगतं. उन्हाळ्यात घट्ट चिकटवलेली प्लायची साल रिबच्या मध्ये लाटेसारखी उठते आणि चिकटवणीच्या कडा ताणल्या जातात. पुढे नामिबियाच्या कोरड्या हवेत हेच लाकूड आकसतं आणि स्पारच्या (पंखाच्या मुख्य तुळईच्या) फिटिंगचे बोल्ट सैल पडतात. म्हणून बोल्ट बंदरावरच्या दमट हवेत आवळू नका. मुक्कामी आठवडाभर सावलीत ठेवून मगच टॉर्क तपासा, आणि कंट्रोल केबलचा ताणही त्याच दिवशी मोजा. कंटेनरमध्ये कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगा, पण धातूच्या भागांपासून लांब. त्यातून ओघळणारं पाणी गंज चढवतं.

शेडमध्ये उभ्या ग्लायडरवर एक नजर टाका. स्टॅटिकचं, म्हणजे हवेचा दाब घेणारं, बारीक छिद्र कुंभारीण माशी दोन दिवसांत मातीने लिंपते, आणि वरून रंगाचा डाग वाटावा इतकी ती माती सारखी बसते. छिद्रं लाल टेपने बंद करून पाठवा, आणि टेप काढायचं यादीत लिहा.

काळी माती आणि कुसळ

ऑस्ट्रेलियाला न्यायचं असेल तर हे डोक्यात पक्कं ठेवा. चाकाच्या खोबणीत वाळलेली रेगूर माती, चाकाच्या कोनाड्यात अडकलेली कुसळं, सीटखाली गाजर गवताचं बी, यातलं काहीही सापडलं तर साफसफाईचा खर्च तुमच्या माथी बसतो आणि उडायचे दिवस जातात. चाक उतरवून धुवा, टेल स्किड काढून आत ब्रश फिरवा, कॉकपिट व्हॅक्यूमने ओढून घ्या. गोदामातल्या धान्यात जो खापरा किडा पडतो, त्याच्यामुळे भारतात भरलेल्या कंटेनरवर तिथे जादा अटी आहेत. कंटेनर ग्रामीण भागात उघडायचा असेल तर त्या आणखी कडक होतात, आणि ग्लायडर क्लब ग्रामीण भागातच असतात. ज्या शेडमध्ये सरकी, ढेप किंवा चणा ठेवला असेल, तिथे कंटेनर भरू नका.

ट्रेलर

कंटेनरमधली चौकट म्हणजे ट्रेलर नव्हे. थर्मल (वर चढणारी गरम हवा) संपून ग्लायडर कुणाच्या शेतात उतरलं, तर ते घरी आणायचं कशात? क्लबचे ट्रेलर त्यांच्या ग्लायडरच्या मापाचे असतात. तुमच्या पंखाच्या मुळाचं आणि धडाचं फिटिंग त्यात बसत नाही. पंखाच्या मुळाचा आणि टोकाचा पाळणा, धडाचा पाळणा असे तीन तुकडे इथूनच बनवून न्यावे लागतात, आणि रिकाम्या ट्रेलरची आतली मापं आधी मागवावी लागतात.

उडवण्याची सोयही अशीच आधी विचारा. विंचच्या (ग्लायडर जमिनीवरून ओढून उडवणाऱ्या यंत्राच्या) दोरीत तुटण्यासाठी ठेवलेल्या टोस्ट कंपनीच्या कमकुवत कड्या रंगाने ओळखतात: हिरवी ३००, पिवळी ४००, पांढरी ५००, निळी ६००, काळी १००० डेकान्यूटन (एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा ओढ). क्लबमध्ये जड दोन आसनी ग्लायडरच्या कड्या असतात. हलक्या लाकडी ग्लायडरला काळी कडी लावली तर कडीआधी तुमचा हुक किंवा पंख तुटू शकतो. आपल्या कड्या आपणच न्या. विमानाने ओढणार असतील तर टो विमान सुरक्षितपणे किती हळू उडू शकतं आणि तुमच्या ग्लायडरची एअरोटोची (विमानाने ओढतानाची) कमाल गती किती, हे दोन आकडे शेजारी ठेवा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल तर विषय तिथेच संपला.

कस्टम

शिपिंग बिलावर कस्टमचं शीर्षक ८८०१ येईल, ग्लायडर त्यातच मोडतात. परत आणताना तीच वस्तू आहे हे कस्टमला पटवावं लागतं, आणि घरबांधणीला कारखान्याचा नंबर नसतो. स्पारच्या फिटिंगवर नंबर कोरा, कॉकपिटमध्ये रिव्हेट केलेली पाटी लावा आणि दोन्हीचे फोटो शिपिंग बिलाला जोडा. एटीए कार्ने (सामान कर न भरता तात्पुरतं नेण्याचा कागद) फिक्की ही उद्योग संघटना देते. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. पण ज्या देशात जाणार तो सुट्टीतल्या खेळाच्या सामानाला कार्ने मानतो का, हे लेखी घ्या.

क्लबचं ग्लायडर

इथे लिहायला कमी आहे, आणि तेच त्याचं बळ आहे. मोजे, टोपी, लॉगबुक, लायसन्स आणि मेडिकल एवढंच न्यायचं. पहिले दोन दिवस प्रशिक्षकाबरोबर तपासणीची उड्डाणं होतात, त्या जागेचं वारं कळतं. तीन आठवड्यांच्या सुट्टीत हवा साथ देणारे बारा दिवस धरा आणि रोजचे चार तास, म्हणजे ४८ तास झाले. कंटेनर, विमा, परवानगी आणि ट्रेलर यांची बेरीज ४८ ने भागा आणि क्लबच्या तासाच्या दराशेजारी मांडा. आकडा बघूनच निर्णय होईल.

पॅराग्लायडर

हंगामी उडण्यासाठी आम्ही हीच वाट सुचवू. पंख, हार्नेस (बसायचे पट्टे) आणि रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट) मिळून १५ ते २० किलो होतात, विमानाच्या २३ किलोत बसतात. नेपाळला तर विमानही लागत नाही: नागपूरहून गोरखपूर, तिथून सोनौली, मग पोखरा. व्हिसा नाही, पण उडायची परवानगी मात्र काढावी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे चांगलं उडता येतं. तुर्कस्तानात ओल्युदेनिजच्या १,९६९ मीटर उंच बाबादाग डोंगरावरून थेट समुद्रकिनाऱ्यावर उतरता येतं. रेल्वेत बॅग खिडकीच्या उन्हाजवळ ठेवू नका. विमानाने जाताना बॅगेचं कस्टम एक्सपोर्ट सर्टिफिकेट निघतानाच करून घ्या.

तरीही ज्याला आपलंच ग्लायडर न्यायचं आहे, त्याने भाड्याची चौकशी नंतर करावी. आधी तिथल्या क्लबच्या तांत्रिक माणसाला एक पत्र पाठवावं. त्यात पंखविस्तार, रिकामं आणि कमाल वजन, हुकचा प्रकार, विंच आणि एअरोटोची कमाल गती, कमकुवत कडीचं बळ, डीजीसीएच्या प्रमाणपत्राची प्रत आणि पंखाच्या मुळाचा मापांसकट नकाशा असावा. उत्तरात प्राधिकरणाच्या परवानगीचा कागद आला, तर कंटेनरचं बोलणं सुरू करा.