मालिनची ‘मिसिक’ बुद्धिमापन चाचणी: आलेख वाचा, एका आकड्यावर थांबू नका

‘मुलाचा आयक्यू काढून आणा’ असं शाळेनं सांगितलं की महाराष्ट्रातल्या बऱ्याच क्लिनिकांत आणि सरकारी रुग्णालयांत मिसिकची (मालिन्स इंटेलिजन्स स्केल फॉर इंडियन चिल्ड्रन) पेटी उघडली जाते. आर्थर मालिन यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलरच्या १९४९ च्या मुलांसाठीच्या चाचणीवरून ती बेतली आणि १९६९ मध्ये नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरनं तिची पुस्तिका काढली. ६ वर्षांपासून १५ वर्षं ११ महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी ती आहे. आमचं मत आधीच सांगतो: मूल कुठे अडतं आणि कुठे सहज चालतं हे दाखवायला ही चाचणी आजही कामाची आहे. मूल ‘हुशार’ की ‘ढ’ हे ठरवणारा एकच आकडा हवा असेल, तर त्यासाठी ती कच्ची आहे.

एकूण ११ उपचाचण्या आहेत. शाब्दिक भागात सामान्य माहिती, व्यवहाराचं आकलन, तोंडी गणित, साम्य ओळखणं, शब्दसंग्रह आणि आकडे लक्षात ठेवणं. कृतीच्या भागात चित्रातला गाळलेला भाग ओळखणं, रंगीत ठोकळ्यांची नक्षी, तुकडे जुळवणं, कोडिंग (ठरलेल्या खुणा भराभर लिहून भरणं) आणि भूलभुलैया. सगळं मिळून दोन ते अडीच तास लागतात. लहान मुलांचं काम दोन बैठकांत करावं. एका दमात उरकलं की शेवटच्या उपचाचण्यांत मुलाची थकावट मोजली जाते, बुद्धी नव्हे.

आता गुणांकन, कारण खरी गोम तिथेच आहे. प्रत्येक उपचाचणीचे कच्चे गुण वयानुसार कोष्टकात बघून १०० सरासरीच्या गुणांकात बदलतात. मग सहा शाब्दिक गुणांकांची सरासरी, पाच कृतीच्या गुणांकांची सरासरी आणि शेवटी या दोन सरासऱ्यांची सरासरी. हिशेब सोपा आहे, पण त्यात दोष आहे. सगळ्याच उपचाचण्यांत ७० मिळवणारं मूल एका उपचाचणीत ७० मिळवणाऱ्या मुलापेक्षा पुष्कळ दुर्मीळ असतं. वेक्सलरच्या मूळ पद्धतीत बेरीज पुन्हा कोष्टकातून जाते, त्यामुळे अशा मुलाचा एकूण बुद्ध्यांक ७० च्याही खाली येतो. सरासरी काढली की तो ७० वरच अडकतो. वरच्या टोकालाही हेच होतं: फार पुढे असलेलं मूल आहे त्यापेक्षा मध्याजवळ दिसतं.

सरासरी आणखी काय लपवते ते एका नमुना आलेखात, म्हणजे अकराही गुणांक शेजारी-शेजारी मांडून, पाहा. माहिती ७०, आकलन ९८, गणित ६४, साम्य १०२, शब्दसंग्रह ९२, आकडे ६६. शाब्दिक सरासरी ८२. चित्रपूर्ती ९६, ठोकळे १००, जुळणी ९४, कोडिंग ६२, भूलभुलैया ७८. कृतीची सरासरी ८६. एकूण ८४. अहवालात फक्त ‘८४, सर्वसाधारणपेक्षा कमी’ लिहिलं की घरी आणि वर्गात मुलावर शिक्का बसतो. माहिती, गणित, आकडे आणि कोडिंग या चार उपचाचण्या बाजूला ठेवा. उरलेल्या सातांची सरासरी ९४ येते. वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांत नेमक्या याच चार उपचाचण्या पुष्कळदा पडतात: वाचन कमी म्हणून माहिती कमी, कार्यस्मृती (ऐकलेलं क्षणभर मनात धरून वापरण्याची ताकद) अपुरी म्हणून आकडे आणि तोंडी गणित कमी, हात सावकाश चालतो म्हणून दोन मिनिटांचं कोडिंग कमी. एवढ्यावरून अध्ययन अक्षमता सिद्ध होत नाही, त्यासाठी वाचन, लेखन आणि गणिताच्या वेगळ्या चाचण्या लागतात. पण त्या का करायच्या, हे आलेखच सांगतो.

आणि हे फार महत्त्वाचं आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मूल्यमापन सूचनांत अध्ययन अक्षमतेसाठी मिसिक किंवा विस्क-३ (वेक्सलरच्या मुलांच्या चाचणीची तिसरी आवृत्ती) सांगितली होती, आणि बुद्ध्यांक ८५ च्या वर असेल तरच पुढच्या टप्प्यात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचण्या होत. म्हणजे अशी अट असली की ज्या अडचणीसाठी मूल दारात आलं, तीच अडचण त्याचा आकडा ८४ वर आणून दार बंद करू शकते. कोणत्याही बुद्ध्यांकात चारपाच गुणांची चूक गृहीत धरावी लागते, तेव्हा ८४ आणि ८६ यांत अर्थपूर्ण फरक नाही. ७० ते ८४ मधली मुलं ‘स्लो लर्नर’ म्हणून मधेच राहतात. त्यांना अध्ययन अक्षमतेच्या सवलती मिळत नाहीत आणि वर्गातला वेगही झेपत नाही. आमच्या मते सर्वांत जास्त अन्याय यांच्यावर होतो.

दुसरा दोष जुनेपणाचा. कोष्टकं १९६० च्या दशकातल्या मुलांवरून बनली. संशोधक जेम्स फ्लिन यांनी अनेक देशांच्या आकडेवारीतून दाखवलं, की पिढ्या बदलतात तशी मुलांची कामगिरी वाढत जाते, म्हणून जुन्या कोष्टकावर आजचं मूल थोडं फुगलेलं दिसतं. चित्रंही जुनी आहेत. जी वस्तू मुलानं कधी पाहिलीच नाही, तिचा गाळलेला भाग त्यानं कसा ओळखावा?

चाचणी घेण्यात होणाऱ्या चुका याहून जास्त नुकसान करतात. आकडे सेकंदाला एक या गतीनं, एका सुरात वाचायचे असतात; ‘चार-सात, दोन-नऊ’ असे जोड्या पाडून वाचले की लक्षात ठेवणं सोपं होतं आणि गुण वाढतात. शब्दसंग्रह जागेवरच मराठीत भाषांतरित केला तर शब्दांच्या काठिण्याचा क्रम मोडतो. अहिराणी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला इंग्रजीत विचारलं, तर शाब्दिक गुणांक भाषेचा होतो. अशा वेळी कृतीचा भाग स्वतंत्र वाचावा. चष्मा, ऐकणं आणि आदल्या रात्रीची झोप आधी विचारून घ्यावी.

पर्यायांचं थोडक्यात. कामत यांची बिने-कामत चाचणी मराठी आणि कन्नड मुलांवर बेतलेली, ३ वर्षांपासून चालते, पण ती मानसिक वय भागिले खरं वय अशी जुनी पद्धत वापरते आणि शब्दांवर फार झुकते. विस्क-४ ची भारतीय आवृत्ती मिसिकपेक्षा नवी आहे, इंग्रजीत सहज वावरणाऱ्या शहरी मुलांना ती जास्त योग्य. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ला एक रुपयाही देऊ नये. ठशांच्या रेषा गर्भातच पक्क्या होतात, त्यांचा मुलाच्या विचारशक्तीशी संबंध असल्याचा पुरावा नाही.

मिसिक करून घ्यायची असेल तर वेळ ठरवतानाच विचारा: कोणत्या भाषेत घेणार, किती बैठका, अहवालात अकराही गुणांक देणार का? ७० च्या आसपास आकडा आला तर सोबत व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी हवीच, तिचं नागपूर रूपांतरही मालिन यांचंच. मूल स्वतः जेवतं, कपडे घालतं, सुट्टे पैसे मोजतं का, हे त्यातून कळतं. अहवालात चाचणीच्या दिवशीचं वय वर्षं-महिन्यांत तपासा, कारण ते चुकलं की कोष्टकाचा रकाना चुकतो आणि पुढचं सगळं चुकतं. फेरचाचणी निदान वर्षभरानं करा. लवकर केली तर ठोकळे आणि जुळणीत सरावानंच गुण चढतात. आणि अधेमधे घरी कोणी ‘आयक्यूची तयारी’ करून घेणार असेल तर ती करू देऊ नका. प्रश्न आधीच माहीत असलेल्या मुलाचा आलेख वाचताच येत नाही.