रेस सोडली की पिकअप बंद पडते: कार्बोरेटरला किट टाकावं की नवा बसवावा?

मारुती जिप्सीला २००० साली फ्युएल इंजेक्शन आलं. माझी त्याआधीची, कार्बोरेटरवाली. मागं हौदा करून घेतलाय, साताऱ्याहून मेढ्याकडे खत-बियाणं नेते. मागच्या उन्हाळ्यात यवतेश्वरच्या घाटात ती मिसिंग करायला लागली आणि वळणावर रेस सोडली की बंद. गॅरेजवाल्यानं न उघडताच सांगितलं, कार्बोरेटर गेला, नवा टाका. मी टाकलाही. आठ दिवसांत तोच त्रास पुन्हा सुरू.

म्हणून आधी एवढं पाहा की गाडी बंद कशी पडते. दिवा विझावा तशी एकदम पडत असेल तर इग्निशन तपासा. पॉइंट, कंडेन्सर किंवा तापल्यावर दगा देणारी कॉइल, यातलं काहीतरी निघतं. गचके देत, खोकत मरत असेल तर पेट्रोल पोचत नाही. चढाला तापून बंद पडली आणि अर्ध्या तासानं आपसूक सुरू झाली, तर दोन्ही शक्य आहे. तेव्हा गाडी बंद असतानाच, गरम असतानाच प्लग काढून ठिणगी बघायची. ठिणगी जोरदार असेल तर पाइपात पेट्रोलची वाफ अडकतेय. पंपाजवळचा पाइप एक्झॉस्टला चिकटून जात असेल तर आधी तो लांब घ्या.

माझ्या गाडीत दोष निघाला टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपात. बोटांत धरून वाकवला तर केसाएवढ्या चिरा उघडल्या. पेट्रोल खाली गळत नव्हतं, पण पंप त्यातून हवा ओढत होता. आपल्याच ऊसपट्ट्यातलं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. जुनं रबर त्यानं लवकर खराब होतं. शिवाय इथेनॉलला हवा कमी लागते, आणि कार्बोरेटरला ते कळत नाही, म्हणून मिश्रण पातळ होऊन (पेट्रोल कमी, हवा जास्त) स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन चालू राहण्याचा वेग, डळमळतो.

हे सगळं ठीक असेल तरच कार्बोरेटरकडे वळा. मी किटच्या बाजूचा आहे. जुना उघडला तेव्हा फ्लोटच्या वाटीच्या तळाला चहाच्या गाळासारखा थर होता आणि वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या निडलच्या टोकावर गोल खाच पडली होती. निडल-सीट, पॅकिंग, कार्बोरेटरमधल्याच छोट्या पंपाचा डायफ्राम किटमध्ये मिळतं, आणि खर्च नव्याच्या मानानं फार कमी. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, मात्र तारेनं कोरू देऊ नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिणार. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

किटनं न सुटणारी गोष्ट एकच महत्त्वाची: थ्रॉटलचा शाफ्ट, म्हणजे रेस दिली की फिरणारी झडपेची दांडी. चिमटीत धरून वर-खाली हलवा. खडखडला तर तिथून हवा आत जाते, मग स्लो कितीही सेट करा, टिकत नाही. शाफ्टला बुश बसवणारा कारागीर असेल तर उत्तम. नसेल, किंवा बूड वाकलं असेल, तरच नवा घ्या. नव्यात मूळचा मिळाला तर प्रश्न नाही. नकली स्वस्त पडतो, पण त्याचे जेट इंजिनाशी जुळतीलच असं नाही, आणि ट्यूनिंगसाठी दोन-तीन चकरा होतात. ज्या कार्बोरेटरला वायर जोडलेला सोलेनॉइड (चावी दिल्यावर स्लोच्या पेट्रोलची वाट उघडणारा विजेचा व्हॉल्व्ह) असतो, त्यात चावी फिरवल्यावर टक् असा आवाज ऐकून घ्या. आवाज नसेल तर गाडी स्लोवर टिकणारच नाही, आणि दोष बिचाऱ्या कार्बोरेटरवर जातो.

इलेक्ट्रिक पंप लावायचा सल्लाही मिळतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप तर चुकूनही नको, त्याच्या दाबानं निडल उचलली जाते आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होतं. गरम इंजिनावर पेट्रोल म्हणजे आग.

मी शेवटी जुन्या कार्बोरेटरलाच बुश आणि किट टाकलं, पाइप सगळे बदलले, इथेनॉल चालणारे. किट टाका नाहीतर नवा बसवा, स्लो सेट करताना इंजिन पूर्ण तापलेलं, चोक सोडलेला आणि एअर क्लीनर जागेवर हवा. थंड इंजिनावर लावलेला स्लो घाट चढेपर्यंत बदललेला असतो.