‘टू-पॅक पीयू’चे पैसे घेऊन गाडीला साधे लॅकर

माझ्या मोटारीचे डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या एका गॅरेजने कोटेशनमध्ये ‘टू-पॅक पीयू, भट्टीत भाजलेला, कंपनी फिनिश’ असे लिहून तसे पैसे घेतले (टू-पॅक पीयू म्हणजे दोन डब्यांतले घटक मिसळून मारायचा पॉलीयुरेथेन रंग) आणि प्रत्यक्षात हार्डनर, म्हणजे रंग पक्का करणारा दुसरा घटक, न घालता एकाच डब्यातले ॲक्रिलिक लॅकर मारून दिले. पॉलिश केलेले लॅकर सुरुवातीला पीयूइतकेच चमकत असल्याने गाडी ताब्यात घेताना शंकेला जागाच नव्हती. पुढे पेट्रोल भरताना टाकीच्या झाकणाखाली दोन ओघळ आले. ते पुसताना तिथला क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, चिकट होऊन सुरकुतला आणि फडक्यावर लाल रंग उतरला. ‘पेट्रोलने कुठलाही रंग जातो,’ असे मालकाने ठणकावून सांगितले. हे धादांत खोटे आहे.

सॉल्व्हंटमधले थर्मोप्लास्टिक ॲक्रिलिक, म्हणजेच हे लॅकर, केवळ थिनर उडून गेल्याने वाळते. त्यात रासायनिक बदल होत नाही, त्यामुळे थिनर पुन्हा लागला की ते विरघळते आणि पेट्रोलपुढेही फारसे टिकत नाही. थर्मोसेटिंग ॲक्रिलिक मेलामाइनसारख्या रेझिनशी जोडले जाऊन पक्के होते, पण त्यासाठी साधारण 120 ते 150 अंश सेल्सिअस उष्णता लागते. रबर, प्लास्टिक आणि वायरिंग बसवलेली गाडी एवढी तापवता येत नाही, गॅरेजच्या बूथमध्ये 60 अंशांच्या आसपासच काम चालते. म्हणून ‘कंपनीसारखे भाजून देतो’ असे कोणी म्हटले की तिथेच सावध व्हावे. गॅरेजला खरोखर जमणारा पक्का प्रकार म्हणजे ॲक्रिलिकमध्ये आयसोसायनेटचा हार्डनर मिसळलेला टू-पॅक पीयू.

हार्डनर आपल्यासमोर मोजून मिसळायला सांगावे. मिसळलेला माल काही तासांतच निकामी होतो, त्यामुळे आदल्या दिवशीचा उरलेला क्लिअर पेंटर सकाळी पुन्हा गनमध्ये भरत असेल तर त्यात हार्डनर नाही हे उघड आहे. काम होऊन आठवडाभर गेल्यावर दाराच्या आतल्या कडेला थिनरमध्ये भिजवलेला कापूस हलकेच फिरवावा. पक्का क्लिअर मऊ पडत नाही. ही परीक्षा क्लिअर मारलेल्या जागीच करावी, कारण त्याखालचा बेसकोट (रंगाचा थर) बहुधा एकाच डब्यातला असतो आणि त्याचा रंग कापसावर आल्याने काहीच सिद्ध होत नाही.

माझ्या बिलावर गॅरेजने नुसते ‘पेंटिंग’ लिहिले आहे. ‘टू-पॅक पीयू’ हे शब्द फक्त कोटेशनच्या कागदावर आहेत आणि ग्राहक आयोगाकडे द्यायच्या तक्रारीला मी तोच जोडला आहे.