धूलिकणांतील सेंद्रिय संयुगांसाठी एफटीआयआर: हिवाळा ते पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या पुण्यातील प्रयोगशाळेत एफटीआयआर वर्णपटमापक (नमुना कोणते अवरक्त किरण शोषतो हे मोजणारे यंत्र) गेल्या हिवाळ्यापासून जवळपास रोज चालू आहे. गच्चीवरच्या सॅम्पलरमधून उतरवलेल्या पीएम २.५ च्या (२.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक धूलिकणांच्या) टेफ्लॉन फिल्टरवर कोणत्या प्रकारची सेंद्रिय संयुगे आहेत हे पाहणे, एवढेच काम आम्ही त्यावर करतो. यंत्र घेण्याच्या विचारात असणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी, ती म्हणजे हे यंत्र संयुगाचे नाव सांगत नाही, त्याचे घराणे सांगते.

घराणे मात्र ते चांगले ओळखते. रात्री शेकोट्या आणि कचरा पेटलेला असला की दुसऱ्या दिवशीच्या फिल्टरवर वर्णपटात २९२० आणि २८५० प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्यांजवळची (पुढचे आकडेही याच एककात) कार्बन-हायड्रोजन बंधांची जोडशिखरे ठसठशीत उमटतात. उन्हाळ्यात त्यांच्या तुलनेत १७१० च्या आसपासचे कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचे) शिखर वर चढते, कारण कडक उन्हात ओझोन आणि हायड्रॉक्सिल मूलके या संयुगांचे ऑक्सिडीकरण करत राहतात. एका फिल्टरला काही मिनिटे पुरतात, शिवाय अवरक्त किरण आरपार सोडून मोजल्यास फिल्टरला धक्का लागत नाही आणि तोच पुढे आयनांच्या किंवा इतर तपासणीसाठी वापरता येतो. आमच्यासारख्या बेताच्या निधीवर चालणाऱ्या प्रयोगशाळेला ही सोय फार मोलाची वाटते.

नमुना पुरेसा मिळेल का, हे बरेच जण विचारतात. मिनिटाला १६.७ लिटर या वेगाने २४ तासांत सुमारे २४ घनमीटर हवा फिल्टरमधून जाते. हवेतील प्रमाण आपल्या राष्ट्रीय मानकाइतके, म्हणजे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर फिल्टरवर साधारण १.४ मिलिग्रॅम कण साचतात. शहरातल्या हिवाळी नमुन्याला तेवढे पुरते. पावसाळ्यातले फिल्टर मात्र इतके स्वच्छ असतात की कोऱ्या फिल्टरचा वर्णपट वजा केल्यावर हाती फारसे उरत नाही.

खरी डोकेदुखी आहे ती शिखरे एकमेकांवर चढण्याची. अमोनियमचा रुंद पट्टा ३२०० पासून खाली पसरत थेट कार्बन-हायड्रोजनच्या जोडशिखरांच्या पायथ्याशी येतो, त्यामुळे अमोनियम सल्फेटचा संदर्भ वर्णपट वजा केल्याशिवाय तिथले क्षेत्रफळ मोजण्यात अर्थ नाही. शर्करावर्गीय संयुगांची स्थिती याहून वाईट आहे. त्यांचा १०५० जवळचा कार्बन-ऑक्सिजन पट्टा १११० च्या सल्फेटखाली आणि ११५० च्या टेफ्लॉनखाली दबून जातो. ऊसपट्ट्यात पाचट जाळल्याचा धूर शहरापर्यंत पोहोचला का, हे तपासायचे तर सेल्युलोजच्या ज्वलनातून तयार होणारे लेव्होग्लुकोसान शोधावे लागते आणि ते या यंत्राच्या आवाक्यात नाही. त्यासाठी फिल्टरचा अर्क काढून, सिलिलीकरण करून (संयुग सहज वायुरूप व्हावे म्हणून त्याला सिलिकॉनयुक्त गट जोडून) जीसी-एमएसवर, म्हणजे संयुगे वेगळी करून त्यांच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, २०४, २१७ आणि ३३३ या वस्तुमानांचे आयन पाहावे लागतात. हे काम वेळखाऊ आहे आणि त्यात फिल्टरचा तेवढा भाग कायमचा खर्ची पडतो.

यंत्रासोबत आलेल्या संगणकीय ग्रंथालयाने माझी निराशा केली. त्यात शुद्ध पदार्थांचे वर्णपट आहेत, आपल्या फिल्टरवर मात्र सगळ्यांची खिचडी असते. कोरा फिल्टर वजा न करता त्यात शोध घेतला की पहिले उत्तर ठामपणे ‘टेफ्लॉन’ असेच येते. विक्रीच्या वेळी याच सोयीची सर्वाधिक तारीफ झाली होती, हे विशेष.

पावसाळ्यात यंत्राची निगा हेच अर्धे काम होऊन बसते. आतला पोटॅशियम ब्रोमाइडचा किरणविभाजक ओलाव्याने खराब होतो, म्हणून सिलिका जेलचा रंग रोज पाहावा लागतो आणि सुट्टीतही यंत्र चालूच ठेवणे श्रेयस्कर ठरते. नमुनाकक्षात बाष्प शिरले की त्याच्या बारीक रेषा नेमक्या कार्बोनिलच्या पट्ट्यावर उमटतात. त्यावर कोरड्या नायट्रोजनचा झोत सोडण्याचा उपाय चालतो, पण फिल्टर फार वेळ त्या झोतात ठेवला तर अमोनियम नायट्रेट आणि हलकी सेंद्रिय संयुगे उडून जातात. तेव्हा प्रत्येक फिल्टरसाठी झोताचा वेळ ठरवून घ्यावा आणि तो बदलू नये.

किरण टिपणाऱ्या डिटेक्टरचे दोन प्रकार मिळतात. त्यांपैकी द्रव नायट्रोजनने थंड करावा लागणारा एमसीटी कमी कण साचलेल्या फिल्टरसाठी नक्कीच सरस आहे. शहरी नमुन्यांपुरते काम असेल आणि द्रव नायट्रोजनचा पुरवठा बेभरवशाचा असेल, तर खोलीच्या तापमानाला चालणारा डीटीजीएस घ्यावा आणि स्कॅनची संख्या वाढवावी.