पाच मिनिटांत दुधाळ होणारं 'चांदीचं पाणी'

औषध म्हणून प्यायचं 'चांदीचं पाणी' (कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचे बारीक कण असलेलं पाणी) घरच्या घरी करायच्या किटचं प्रात्यक्षिक असं असतं. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात चांदीच्या दोन तारा, तारांना 9 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या. पाच मिनिटांत एका तारेपासून पांढऱ्या धुरासारख्या रेघा खाली उतरतात, पाणी दुधाळ होतं आणि विक्रेता म्हणतो, "बघा, चांदी उतरली!" गिऱ्हाईक फसतं ते इथेच.

नळाच्या, आणि बहुतेक घरच्या आरओच्या पाण्यातही, थोडंफार क्लोराइड असतंच. धन टोकाच्या तारेवरून सुटलेली चांदी त्याला धरते आणि सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका होतो. ग्लास उन्हात ठेवा, साका करडा-जांभळा पडेल. किटसोबत 'अ‍ॅक्टिव्हेटर'चे थेंब दिले असतील, तर एक थेंब जिभेला न लावता स्टीलच्या वाटीत सुकवून बघा. मिठासारखे खडे उरले की समजा, पाण्यातून वीज भराभर वाहावी म्हणूनच ते दिलेत.

खऱ्या डिस्टिल्ड पाण्यात असा तमाशा होतच नाही. ते वीज जेमतेम वाहू देतं, त्यामुळे सुरुवातीला प्रवाह 1 मिलिअँपिअरच्याही खाली असतो. 1 मिलिअँपिअर तासभर वाहिला तर तारेवरून फार तर 4 मिलिग्रॅम चांदी सुटते. विक्रेते सांगतात ते 20 पीपीएम, म्हणजे लिटरला 20 मिलिग्रॅम. पाव लिटरला 5 मिलिग्रॅम चांदी, म्हणजे सव्वा तास. 'पाच मिनिटांत 20 पीपीएम' हे गणितातच बसत नाही. पण ज्याचं पाणी चांगलं, त्यालाच वाटतं आपलं किट बिघडलंय, आणि तो वैतागून नळाचं पाणी ओततो.

दुसरी युक्ती टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरची. आधी 10, नंतर 30, म्हणजे 20 पीपीएम चांदी, असा हिशेब मांडतात. मीटरला चांदी ओळखता येत नाही. पाणी किती वीज वाहून नेतं एवढंच तो मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. चांदीचे कण तर त्याला जवळजवळ दिसतच नाहीत.

पाणी विकत घेताना मात्र हाच मीटर कामाचा. डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यावर 0 ते 2 दिसायला हवं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून एखादा आकडा वाढतो, तेवढं चालतं. 'डिस्टिल्ड' म्हणून घेतलेल्या कॅनवर 40-50 आलं तर ते आरओचंच पाणी आहे. सीलबंद पिण्याची बाटलीही चालत नाही, तिच्यात क्षार असतात. मीटर नसेल तर 100 मिली पाणी घासलेल्या स्टीलच्या वाटीत मंद आचेवर आटवा. 300 पीपीएमचं पाणी 30 मिलिग्रॅम पांढरं कडं सोडतं, डिस्टिल्ड काहीच सोडत नाही. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस 1069 हे मानक आहे, पण ते बॅटरीसाठी, पोटासाठी नव्हे. सुट्ट्या भरलेल्या कॅनचा भरवसा धरू नका. इन्व्हर्टरमध्ये असलं पाणी गेलं तर बॅटरी लवकर बसते, हे नुकसान वेगळंच.

तारांकडेही बघा. पाण्याला निळसर-हिरवी झाक आली तर चांदीच्या मुलाम्याखाली तांबं आहे. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी नसतेच. ते तांबं, निकेल आणि जस्त.

पाणी कितीही शुद्ध असो, हे प्यायचं नसतं. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने 1999 मध्येच सांगितलं की कोलॉइडल सिल्व्हरची औषधं सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत. अंगात साठलेल्या चांदीने त्वचा कायमची निळसर-राखाडी होते, त्याला अर्जीरिया म्हणतात. तरी मधुमेह, कॅन्सर बरा होतो म्हणून जाहिराती येतात. अशा दाव्यांना आपल्याकडे 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे.

फसला असाल तर किट, उरलेलं पाणी, पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन करा. 'अ‍ॅक्टिव्हेटर'ची बाटली तर मुळीच फेकू नका.