१९११ अपग्रेड करायचंय: साध्यावर काम करून घ्यायचं, सेमी-कस्टम घ्यायचं की थेट फुल कस्टम?

१९११, म्हणजे अमेरिकन सैन्याचं ते जुनं पॉइंट ४५ पिस्तूल, घ्यायचं हे नक्की झालं की पुढचा प्रश्न लगेच येतो, की साधं मॉडेल घेऊन गनस्मिथकडून (बंदुकांच्या कारागिराकडून) हवं तेवढंच काम करून घ्यायचं, कंपनीनेच बरंचसं काम करून दिलेलं सेमी-कस्टम घ्यायचं, का एकदाच काय ते पैसे घालून हाताने बसवलेलं फुल कस्टम मागवायचं. तिन्ही प्रकार मी रेंजवर भरपूर चालवलेत, त्यामुळे माझं मत आधीच सांगतो म्हणजे मी कुठल्या बाजूने बोलतोय ते कळेल: पहिलं अपग्रेडेड १९११ घेणाऱ्या बहुतेकांनी सेमी-कस्टम घ्यावं, आणि फुल कस्टम त्याने मागवावं ज्याला आपल्या हाताला नेमकं काय लागतं ते आधीच्या पिस्तुलावरून कळलंय. ही सगळी चर्चा अमेरिकेतल्या बाजाराची आहे, किमती डॉलरमधल्या आणि अंदाजे.

आधी हे बघू की या पिस्तुलाला अपग्रेड लागतंच कशाला. जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन अमेरिकन सैन्याने मार्च १९११ मध्ये स्वीकारलं आणि १९८५ ला बेरेटाचं पिस्तूल येईपर्यंत तेच मुख्य पिस्तूल होतं, म्हणजे मूळ यंत्रणेत खोट नाही. पण ते सैनिकासाठी बनवलं होतं, चिखलात पडलं तरी चालावं, एकाचा पार्ट दुसऱ्याला बसावा, म्हणून पार्टमध्ये मुद्दाम थोडी ढिलाई ठेवलेली. साइट्स (नेम धरायच्या वरच्या खुणा) इतक्या बारीक की चांगल्या उजेडातसुद्धा शोधाव्या लागतात, ग्रिप सेफ्टीचं (मुठीमागचा, तळव्याने दाबला जाणारा खटका) शेपूट आखूड, त्यामुळे जरा वर पकडलं की हॅमर (गोळी उडवायला मागून आदळणारा तुकडा) मागे येताना अंगठ्याजवळचं मांस चिमटतो, आणि ट्रिगर बऱ्यापैकी जड. कस्टमचा सगळा खेळ या चार-पाच गोष्टींभोवती फिरतो. १९२० च्या दशकात ए-१ व्हर्जन आलं त्यात शेपूट थोडं वाढवलं, ट्रिगर आखूड केला, फ्रेमला बोटासाठी खाच दिली, पण साइट्सची रड तशीच राहिली.

आता तिन्ही पर्याय एकमेकांशेजारी ठेवू.

साधं मॉडेल म्हणजे टिसास, रॉक आयलंड, स्प्रिंगफील्डचं मिल-स्पेक, कोल्टचं गव्हर्नमेंट वगैरे. तुर्कस्तान आणि फिलिपिन्समधून येणारी साधारण चारशे ते सहाशे डॉलरमध्ये मिळतात, बाकीची त्याच्या वर. यावर साइट्स बदलल्या, लांब शेपटाची ग्रिप सेफ्टी बसवली, ट्रिगरचं काम करून घेतलं, मुठीच्या पुढच्या बाजूला चेकरिंग (पकडीसाठी बारीक जाळीदार रेघा) मारलं की ऐकायला सोपं वाटतं, पण एकेक बिल जोडत गेलात की बेरीज सहज सेमी-कस्टमच्या वर जाते. वर पिस्तूल कित्येक महिने गनस्मिथच्या कपाटात पडून राहतं, कारण चांगल्या माणसाकडे रांग असते. आणि विकायला गेलात तर त्या कामाचे पैसे जवळपास कोणी देत नाही, समोरचा फक्त मूळ पिस्तुलाची किंमत धरतो. मग हा रस्ता घ्यायचाच कशाला? घ्यायचा, जर तुम्हाला दोनच गोष्टी बदलायच्या असतील. फक्त साइट्स आणि ट्रिगर, बाकी आहे तसं चालतंय, तर हा सगळ्यात स्वस्त आणि समाधानाचा मार्ग आहे. वडलांचं जुनं कोल्ट घरात असेल आणि तेच चालवायचं असेल तर मात्र थांबा, जुन्या ओरिजिनल पिस्तुलाला ग्राइंडर लावला की त्याची कलेक्टर किंमत गेली म्हणून समजा, ती परत येत नाही.

सेमी-कस्टममध्ये डॅन वेसन, स्प्रिंगफील्डची वरची मॉडेल्स आणि अशी बरीच नावं येतात. ढोबळमानाने पंधराशे ते अडीच हजार डॉलर. इथे पार्ट चांगल्या मशीनवर कापलेले असतात, स्लाइड (वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) आणि फ्रेमचं (खालचा, मुठीचा भाग) बसणं घट्ट असतं, शेपूट लांब, साइट्स नीट दिसणाऱ्या, ट्रिगर साधारण चार पौंडाच्या आसपास आणि बॉक्समधून काढलं की चालवायला तयार. हाताचं काम आहे पण ठराविक जागी, बाकी मशीन करते. इथे तुम्हाला फारसं निवडायला मिळत नाही, जे मॉडेल आहे ते आहे. मला तर हे नवख्याच्या फायद्याचंच वाटतं.

फुल कस्टममध्ये विल्सन कॉम्बॅट, नाइटहॉक, एड ब्राउन, लेस बेअर ही ठळक नावं, आणि शिवाय एकटे काम करणारे गनस्मिथ ज्यांची वेटिंग लिस्ट वर्षांत मोजतात. किंमत साडेतीन-चार हजारांपासून पुढे, वर कुठे थांबेल त्याला मर्यादा नाही. बिल विल्सन मूळचा घड्याळांच्या कामात शिकलेला माणूस, १९७७ मध्ये आर्कान्सातल्या बेरीव्हिल गावात घरच्या दागिने-घड्याळांच्या दुकानाच्या मागच्या भागात त्याने सुरुवात केली. नाइटहॉक २००४ ला त्याच गावात निघाली, तिथे एकच गनस्मिथ एक पिस्तूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनवतो आणि ग्रिपच्या लाकडाखाली फ्रेमवर आपली आद्याक्षरं मारतो. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण काही बिघडलं तर ते कोणाच्या हातून झालं हे ठाऊक असतं आणि ते पिस्तूल परत त्याच माणसाच्या टेबलावर जातं.

एवढे पैसे नेमके जातात कुठे, हा खरा मुद्दा आहे आणि इथे जरा वेळ काढायलाच हवा. कॅटलॉगमध्ये बघताना साडेसातशेचं आणि साडेचार हजारांचं पिस्तूल बऱ्यापैकी सारखं दिसू शकतं, तेच शेपूट, तशाच साइट्स, तसाच भोकं पाडलेला हॅमर. फरक आहे तो बसवण्यात. १९११ मध्ये बॅरल, म्हणजे नळी, पुढच्या टोकाला बुशिंगमध्ये (तोंडाभोवतीची कडी) टेकतं, वर लग्सने (नळीवरचे उंचवटे) स्लाइडमध्ये अडकतं आणि खाली लिंकवर (छोटा हलता दुवा) झुलतं. प्रत्येक गोळीनंतर हे बॅरल खाली जाऊन परत वर येतं, आणि दर वेळी ते तंतोतंत त्याच जागी आलं तरच नेम लागतो, कारण साइट्स स्लाइडवर आहेत आणि गोळी बॅरलमधून जाते. साध्या पिस्तुलात या तीन जागी थोडा थोडा खेळ असतो. कस्टमवाला मुद्दाम जास्त धातू ठेवलेलं बॅरल घेतो आणि कानशीने घासत, रंग लावून कुठे टेकतंय ते बघत, परत घासत बसवतो. यात तास जातात, आणि तुम्ही ते तास विकत घेता. स्लाइड-फ्रेम घट्ट आहे म्हणून पिस्तूल अचूक आहे असं लोक हाताने हलवून ठरवतात, पण त्याहून बॅरलचं वर लॉक होणं आणि बुशिंग हे कितीतरी महत्त्वाचं.

याचा परिणाम आकड्यात बघायचा तर विल्सन २५ यार्डांवर १ इंचाच्या ग्रुपची (म्हणजे सगळ्या गोळ्या तेवढ्या जागेत लागतील याची) गॅरंटी देतो, लेस बेअर प्रीमियर टू ला ५० यार्डांवर ३ इंच, आणि जास्त पैसे दिलेत तर दीड इंच. हे जबरदस्त आहे, पण आता स्वतःला प्रामाणिकपणे विचारा की तुम्ही उभं राहून दोन हातांनी २५ यार्डांवर किती इंचाचा ग्रुप मारता. बहुतेकांचा चार-पाच इंचांचा असतो, आणि तो चांगल्या सेमी-कस्टमनेही तेवढाच येणार. बुल्सआय खेळत असाल, ५० यार्डांवर एका हाताने, तर ती गॅरंटी खरोखर कामाची. नाहीतर अचूकतेपायी फुल कस्टम घेणं मला पटत नाही.

ट्रिगरचं मात्र उलट आहे. १९११ चा ट्रिगर बिजागरीवर फिरत नाही, सरळ मागे सरकतो, आणि पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत सारखाच लागतो, या पिस्तुलावर लोकांचा जीव बसतो त्याचं निम्मं कारण हेच. हाताने घासलेल्या सिअर (चढवलेला हॅमर अडवून धरणारा तुकडा) आणि हॅमरचा ट्रिगर एकदा दाबलात की बोटाला फरक लगेच समजतो, जरा मोकळी चाल, मग भिंत, आणि मग काच तुटावी तसा तुटतो. हा फरक नवख्यालाही कळतो आणि रोज कळतो. सेमी-कस्टम ९० टक्क्यांपर्यंत नेतं असं माझं मत, उरलेले १० टक्के हाताच्या कामाचेच. पण साडेतीन पौंडाच्या खाली जायचा हट्ट धरू नका, विशेषतः जवळ बाळगायचं असेल तर, आणि सिअरवर घरी दगड फिरवणं तर अजिबात नको. तो कोन जरा बिघडला तर स्लाइड पुढे येताना हॅमर मागोमाग पडू शकतो, आणि भरलेल्या पिस्तुलात ही गंमत नाही.

फायरिंग पिनचा (काडतुसावर आदळणाऱ्या टोकाचा) ब्लॉक, म्हणजे ती पिन अडवणारी सोय, हाही एक फाटा आहे. कोल्टने १९८३ मध्ये सिरीज ८० आणली, त्यात ट्रिगर दाबल्याशिवाय पिन पुढे जात नाही, म्हणजे पिस्तूल हातातून पडून गोळी सुटायचा धोका कमी होतो, पण ट्रिगरला दोन जास्तीचे पार्ट ढकलावे लागतात. बहुतेक फुल कस्टम त्याआधीच्या सिरीज ७० सारखे, ब्लॉकशिवाय. काही कंपन्या हलकी टायटॅनियमची पिन आणि कडक स्प्रिंग देऊन तोच धोका कमी करतात. नीट केलेला सिरीज ८० चा ट्रिगरही छान लागतो, यावरून फार डोकं खाऊ नका.

भरवशाबद्दल सांगायचं तर जास्त पैसे म्हणजे जास्त भरवसा असं सरळ गणित नाही. लेस बेअर इतकं घट्ट येतं की नवीन असताना स्लाइड मागे ओढायला जोर लागतो आणि सुरुवातीच्या ५०० गोळ्या तेल भरपूर ठेवून चालवायला ते स्वतःच सांगतात. त्या काळात एखादी अडली तर घाबरायचं नाही. ढिलं साधं मॉडेल पहिल्या दिवसापासून गोल नाकाची बॉल काडतुसं मुकाट्याने खातं, होलो पॉइंट (टोकाला खड्डा असलेली काडतुसं) दिले की काही वेळा रुसतं. आणि अर्ध्याहून जास्त तक्रारी मॅगझिनच्या असतात, पिस्तुलाच्या नाही. चार हजारांचं पिस्तूल आणि जत्रेतली स्वस्त मॅगझिन्स अशी जोडी बघितली की वाईट वाटतं. विल्सनची आठ गोळ्यांची मॅगझिन्स साध्या मॉडेलला लावून बघा, गनस्मिथकडे जायच्या आधी.

हे काम फक्त हौशी लोकांचं आहे असंही नाही. मरीन कोअरच्या क्वांटिकोतल्या कारागिरांनी १९८० च्या दशकात जुन्या सरकारी ए-१ च्या फ्रेम निवडून त्यावर नवीन बॅरल, साइट्स, सेफ्टी हाताने बसवून आपल्या खास तुकड्यांसाठी पिस्तुलं बनवली आणि ती अनेक वर्षं वापरात होती. म्हणजे जुन्या फ्रेमवर काम करून घेणं हा कमी दर्जाचा पर्याय नाही, फक्त काम करणारा तसा हवा.

चालवायची मजा म्हणाल तर स्टीलचं पाच इंची बॅरलचं १९११ रिकामं असताना १.१ किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे पॉइंट ४५ चा धक्का लोक म्हणतात तसा भयंकर नसतो, हात ढकलल्यासारखा येतो. लांब शेपटामुळे वर पकडता येतं, पण मग तळव्याला खळगा पडतो आणि ग्रिप सेफ्टी पूर्ण दाबली जात नाही, म्हणून तिच्यावर खाली उंचवटा असलेली घ्या. चेकरिंग इंचाला २० ओळींचं हाताला चांगलंच रुततं, खूप गोळ्या चालवणाऱ्याला पकड मिळते पण नाजूक हाताला २५ किंवा ३० बरं. हे असं काहीतरी आहे जे फोटोवरून ठरत नाही. फुल कस्टमच्या ऑर्डर फॉर्मवर असे ढीगभर पर्याय असतात, मेनस्प्रिंग हाउसिंग (मुठीची मागची खालची बाजू) सपाट का कमानी, ट्रिगर लांब का आखूड, सेफ्टी एका बाजूला का दोन्ही, आणि ज्याने अजून पुरेशा गोळ्या चालवलेल्या नाहीत तो ते सगळं दुसऱ्याच्या आवडीने भरतो. आधी सेमी-कस्टम वर्षभर चालवा, मग ती यादी हातच लिहून देईल.

नियमांचं थोडक्यात: तिन्ही प्रकार नवीन घेताना परवानाधारक डीलरकडूनच हातात येतात, केंद्र सरकारचा खरेदीचा फॉर्म ४४७३ आणि बॅकग्राउंड चेक होतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात मंजूर यादीत नसलेलं नवीन पिस्तूल दुकानातून घेता येत नाही, त्यामुळे ऑर्डरचे पैसे भरायच्या आधी डीलरला विचारा. मॅगझिनला १० गोळ्यांची मर्यादा असलेल्या राज्यांत १९११ ला अडचण येत नाही कारण ४५ च्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये मुळात ७ किंवा ८ च मावतात.

बजेट अडतंय पण हाताने बसवलेलंच हवंय, तर वापरलेलं कस्टम बघा, माझ्या मते सगळ्यात चांगला सौदा तिथेच असतो, कारण बरेच लोक मागवतात, थोडंसं चालवतात आणि विकून टाकतात. बघायला जाल तेव्हा मालकाची परवानगी घेऊन आधी मॅगझिन काढा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने रिकामं आहे बघा, मग हॅमर चढवून थंब सेफ्टी (अंगठ्याने लावायचा खटका) लावा, ट्रिगर दाबा, सोडा, सेफ्टी काढा, हॅमर जराही हलता कामा नये. ग्रिप सेफ्टी न दाबता ट्रिगर ओढून बघा, पडता कामा नये. रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडू नका, बारीक घासलेल्या सिअरला ते सोसत नाही आणि मालकाचा चेहराही उतरतो. स्लाइड स्टॉपखाली फ्रेमवर अर्धगोल चरा दिसला तर कोणीतरी उघडताना घाई केलीय एवढंच, त्यावरून किंमत थोडी उतरवता येते, पिस्तुलाला काही होत नाही. कोणी बनवलंय त्याचं मूळ बिल किंवा बिल्ड शीट मागा, नाव नसलेल्या कामाचे जास्त पैसे देऊ नका. आणि घेतल्यावर रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) पहिल्यांदा बदला, पाच इंची ४५ ला १६ पौंडाची, जुन्या मालकाने किती गोळ्या चालवल्यात हे तो जे सांगेल त्यावर विसंबू नका.

आणि कॅलिबर अजून ठरलं नसेल तर ९ एमएमचं बघा. हे ४५ वाल्यांना आवडणार नाही, पण काडतुसं स्वस्त, धक्का त्याच वजनात आणखी मऊ, आणि वाचलेल्या पैशातून जेवढ्या जास्त गोळ्या चालवाल तेवढा तो ट्रिगर लवकर अंगवळणी पडेल. मूळ अनुभवच हवा असेल, शंभर वर्षांपूर्वीचा, तर ४५ शिवाय पर्याय नाही आणि मग दारूगोळ्याचं वेगळं बजेट आधीच बाजूला काढून ठेवा, पिस्तुलाच्या पैशात ते धरू नका.