वीरगळांसाठी मेशरूम: सात महिन्यांच्या वापरानंतर

एखाद्या वस्तूच्या चहूबाजूंनी काढलेल्या छायाचित्रांवरून तिची त्रिमितीय प्रतिकृती उभी करणारी मेशरूम ही संगणकप्रणाली मी सुमारे सात महिने वापरत आहे. ती अ‍ॅलिसव्हिजन या मुक्त प्रकल्पातून आलेली असून मोफत मिळते. माझा हेतू मर्यादित होता: आमच्या भागातील देवळांच्या आवारात आणि शेतांच्या बांधांवर उभे असलेले, बहुतेक झिजलेले वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड, नोंदवून ठेवणे. आतापर्यंत एकोणीस झाले. त्यांतील पाच पुन्हा करावे लागले.

पुन्हा करावे लागले ते माझ्याच उतावीळपणामुळे. प्रणाली आधी निरनिराळ्या फोटोंतील समान खुणा जुळवते, त्यांवरून प्रत्येक फोटो कोठून घेतला हे ठरवते आणि त्यानंतरच पृष्ठभाग रचते. सुरुवातीला मी भर उन्हात तीस-चाळीस फोटो घेऊन परतत असे, आणि त्यांपैकी निम्मे फोटो जुळतच नसत. आता ढगाळ सकाळी, झूम न बदलता, फोकस आणि एक्स्पोजर कायम ठेवून, तीन वेगवेगळ्या उंचींवरून सुमारे १२० फोटो घेतो. लागोपाठच्या दोन फोटोंत निदान दोन-तृतीयांश भाग सामाईक येईल इतकेच सरकतो. खरबरीत बेसॉल्ट या पद्धतीला चांगला मानवतो. दगडफुलाचे ठिपके डोळ्यांना कोरीव काम दिसू देत नाहीत, पण प्रणालीला मात्र तेच खुणा म्हणून उपयोगी पडतात.

फोटोंवरून आकार मिळतो, माप मिळत नाही, हे मला उशिरा उमगले. दगडाशेजारी मोजपट्टी ठेवली नाही, तर प्रतिकृती तीन फुटांच्या दगडाची की तीन इंचांच्या खेळण्याची, हे संगणक सांगू शकत नाही.

संगणकाविषयी आधीच सावध करतो. प्रत्येक फोटोतील खोली मोजण्याच्या टप्प्याला एन्व्हिडिया कंपनीचे ग्राफिक्स कार्ड लागते. माझा जुना लॅपटॉप तेथेच थांबला आणि शेवटी भाच्याचा खेळांसाठी घेतलेला संगणक मागून आणावा लागला. त्यावर एका वीरगळाला साधारण तीन तास लागतात आणि मधल्या टप्प्यांच्या फायली डिस्कवर कित्येक जीबी जागा अडवतात. सोय अशी, की एखाद्या टप्प्याची मांडणी बदलली तर केवळ तो आणि त्याच्यापुढचे टप्पे पुन्हा चालतात. मोबाइलवर झटपट प्रतिकृती हवी असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

मला मात्र या खटाटोपाचे फळ अनपेक्षित जागी मिळाले. तयार प्रतिकृती मी ब्लेंडर या त्रिमितीय कामाच्या संगणकप्रणालीत उघडतो, तिच्यावरील फोटोंचा रंग पूर्ण काढून टाकतो आणि करड्या आकारावर एका बाजूने अगदी तिरपा प्रकाश सोडतो. डाग, शेवाळ आणि चुन्याचे ओघळ गेले, की उरतो तो केवळ उंचसखलपणा. एका वीरगळाच्या खालच्या चौकटीत मला इतकी वर्षे नुसती झीज दिसत होती. तेथे गायींच्या दोन पाठी आणि वीराच्या हातातील धनुष्याची कमान दिसली. म्हणजे तो गोधन राखताना पडलेल्या वीराचा दगड असावा. वरच्या चौकटींतील अप्सरा आणि शिवलिंगाची पूजा आधीपासून ओळखू येत होती.

तरीही प्रतिकृतीवर आंधळा विश्वास ठेवू नये. जेथे खुणा कमी पडतात, तेथे प्रणाली कधी भोक सोडते, तर कधी पृष्ठभाग गुळगुळीत किंवा फुगीर करून वेळ मारून नेते, आणि असा फुगवटा तिरप्या प्रकाशात कोरीव कामासारखाच दिसतो. म्हणून धनुष्य दिसल्यावर मी रात्री बॅटरी घेऊन पुन्हा त्या दगडापाशी गेलो आणि कडेने प्रकाश टाकून पाहिला. कमान खरोखरच होती. गायींपैकी एक मात्र सापडली नाही. ती मी नोंदीतून काढून टाकली.

तेल आणि शेंदराचे थर चढलेल्या दगडांपुढे ही पद्धत हात टेकते, कारण चकाकी प्रत्येक फोटोत जागा बदलते आणि खुणा जुळत नाहीत. आमच्याकडे असे दोन वीरगळ देव म्हणून पुजले जातात. शेंदूर काढण्याचा प्रश्नच येत नाही. त्या दोघांची नोंद मी वहीत, हाताने रेखाटून केली आहे.